गच्चीवरचा सिलिंडर

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत माझी ताई राहते आणि मी तिच्याकडे बहुतेक दर रविवारी जेवायला जातो. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी भाऊजी मला जेवणाआधी वरच्या खोलीत घेऊन गेले. "ये, गंमत दाखवतो तुला. तू या लाइनीतला माणूस, तुला मजा येईल," म्हणाले. दार उघडलं आणि आधी वासच आला. स्वयंपाकाच्या गॅसचा, कुजक्या कोबीसारखा. खिडकी बंद होती. वाऱ्यानं ज्योत हलते म्हणून त्यांनीच ती बंद केली होती आणि फटींत जुने मोजे कोंबले होते.

भाऊजी बँकेतून रिटायर झालेले. काशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी एक त्यांचं. वडील याज्ञिकी करायचे, हे बँकेत गेले. रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षं नुसते बसून होते. मग कुठेतरी काचेचे मणी करणारे कारागीर त्यांनी पाहिले. काचेची कांडी ज्योतीत धरायची, वितळली की तारेवर गुंडाळायची. फोनवर व्हिडिओ पाहून त्यांनी घरीच ते सुरू केलं.

मी तीस-एक वर्षं रेल्वेच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग केलं आणि शेवटी शेवटी नव्या भरतीच्या लोकांना तेच शिकवलं. त्यामुळे त्या खोलीत जे पाहिलं ते इतरांना नुसता पसारा वाटला असता. मी मात्र एकेक जोड बघत गेलो. टेबलाच्या कडेला वेल्डिंगचा जुना टॉर्च तारेनं बांधलेला. घरगुती गॅसचा सिलिंडर परातीतल्या कोमट पाण्यात ठेवलेला, का तर प्रेशर चांगलं येतं. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, ऑक्सिजनचा उंच सिलिंडर भिंतीला नुसता टेकवलेला. दोन्हीकडून टॉर्चकडे येणाऱ्या नळ्या एकाच जातीच्या, बागेत झाडांना पाणी घालायच्या हिरव्या. जोडांवर सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली, तिच्यावर एम-सील थापलेलं, आणि एम-सीलवर बोटांचे ठसे. एका जोडावर एक माशी चिकटून वाळली होती.

सगळ्यात वाईट होता एक पितळी तुकडा. ऑक्सिजनचे आटे उजवीकडे आवळतात, जळणाऱ्या गॅसचे डावीकडे, आणि डाव्या आट्यांच्या नटावर खाचाही पाडलेल्या असतात. माणूस कितीही घाईत असला तरी एकाची नळी दुसऱ्यावर चढू नये म्हणून ही सगळी व्यवस्था. भाऊजींनी एका लेथवाल्याकडून असा तुकडा करून आणला होता की ज्याच्या एका टोकाला डावे आटे आणि दुसऱ्या टोकाला उजवे. गॅसचा जुना रेग्युलेटर त्यांनी त्या तुकड्याच्या मदतीनं ऑक्सिजनवर चढवला होता.

"हा तुकडा का केलात, भाऊजी?"

"बसत नव्हतं ना. कंपन्या मुद्दाम वेगवेगळं करतात, आपण दोन-दोन वस्तू घ्याव्यात म्हणून. डोकं चालवलं की सगळं बसतं."

मग त्यांनी ते पेटवून दाखवलं. 'फट्' असा आवाज आला, ज्योत आत गेली, पुन्हा बाहेर आली. ते हसले. "असं करतं कधी कधी," म्हणाले, जसं एखाद्या खोडकर पोराबद्दल बोलावं. एक मणी करून त्यांनी राखेत टाकला आणि गार झाल्यावर माझ्या तळहातावर ठेवला. काळपट, एका बाजूला फुगलेला, बकरीच्या लेंडीसारखा.

मी म्हटलं, "हे बंद करा. आजच."

"तू पडलास कारखान्यातला. तुम्हाला सगळीकडे नियमच दिसतात."

खाली ताईनं भरली वांगी केली होती. माझ्या नाकातून तो वास जात नव्हता. जेमतेम पोळी खाल्ली आणि उठलो. ताई माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात बोलू लागली.

"हे ऐकणार नाहीत रे. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा इतके खुश दिसतायत. सकाळी उठून आपणहून आंघोळ करतात, वर जाऊन बसतात. तू नीट करून दे ना. तुला तर सगळं येतं."

तिथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण मोठ्या बहिणीचा नवरा. लग्नात कानपिळीला त्यांचा कान धरला तेवढाच. त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. आणि खरं सांगायचं तर ताईच्या त्या शेवटच्या वाक्यानं मला बरं वाटलं होतं. 'तुला तर सगळं येतं.' मी म्हटलं, ठीक आहे, बघतो.

सामान आणायला मी गॅसच्या दुकानात गेलो. दुकानदार टेबलामागे पान चघळत बसलेला. त्याच्या पायाशी रेग्युलेटरांचा ढीग, वापरलेले, काचा फुटलेले, काट्याशिवायचे. त्यातले अर्धे ग्रीसनं माखलेले. मी विचारलं, ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ग्रीस कुणी लावलं? "बाबूजी, स्मूथ चलता है," तो म्हणाला. मी नवा मागितला. त्यानं एक काढला, दाखवायला म्हणून तिथल्याच सिलिंडरवर चढवला, वाल्व्ह उघडला आणि जोड गळतोय का पाहायला तोंडातली लाल थुंकी बोटावर घेऊन जोडाभोवती फासली. बुडबुडा आला नाही. "देखिए, एकदम टाइट." तोच रेग्युलेटर त्यानं शर्टाला पुसून माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला नाही. खोक्यातला दुसरा, सील न तोडलेला, काढायला लावला. गॅससाठी लाल नळी, ऑक्सिजनसाठी निळी. त्या गॅसला चालणारा योग्य रेग्युलेटर. आणि ज्योत उलटी नळीत शिरलीच तर तिला वाटेतच अडवणाऱ्या दोन पितळी झडपा. दुकानदार म्हणाला, या झडपा कोणी घेत नाही, धूळ खात पडल्यात. त्यानं त्या फुंकर मारून दिल्या. पानाचे तुषार माझ्या मनगटावर उडाले. दुकानाबाहेरच्या नळावर मी हात धुतले, घरी जाऊन साबणानं पुन्हा धुतले.

ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर गल्लीत न्यायला ठेलेवाला मिळत नाही, पाठीवरून न्यावा लागतो. हमालानं तो घेतला आणि मी मागे चालत होतो. मणिकर्णिकेकडे जाणारं एक प्रेत मागून आलं, 'राम नाम सत्य है' म्हणत माणसं घाईनं पुढे निघाली, हमालानं जागा द्यायला अंग चोरलं आणि सिलिंडर त्याच्या पाठीवरून घसरून पायरीवर आदळला. तोंडावरची टोपी मी दुकानातच आवळून बसवायला लावली होती म्हणून वाल्व्ह वाचला. सिलिंडर घरंगळत गटारात गेला. शेणपाण्यानं माखला. हमालानं तो उचलला, डोक्याच्या तेलानं चिकट झालेल्या गमछ्यानं पुसायला लागला तेव्हा मी ओरडलोच. त्याला वाटलं मी उगाच चिडतोय. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

तीन दिवस खपून मी ताईच्या घरी सगळं नव्यानं बसवलं. दोन्ही सिलिंडर खोलीतून हलवून गच्चीवर मोकळ्या हवेत नेले, एकमेकांपासून लांब, कठड्याला साखळीनं बांधून उभे. नळ्या खिडकीतून खाली टॉर्चपर्यंत. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्यानं तपासला. तो आटे जुळवणारा पितळी तुकडा मी खिशात घातला. भाऊजींना शेजारी उभं करून समजावलं: ऑक्सिजनचा वाल्व्ह हळू उघडायचा, अगदी थोडा थोडा. उघडताना रेग्युलेटरसमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आणि तेल, तूप, ग्रीस, काहीही त्याच्या जवळ न्यायचं नाही. तेलकट हातसुद्धा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेट घेऊ शकतं.

"हो रे हो, समजलं," भाऊजी म्हणाले.

हेच मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. हे सगळं चाललं होतं तेव्हा ताई खाली मेथी निवडत होती.

पुढचे काही महिने चांगले गेले. भाऊजींचे मणी सुधारले. निळे, हिरवे, आत पांढरी रेघ असलेले. नागपूर-पुण्याहून कुणी नातेवाईक काशीला आले की त्यांना ते माळ द्यायचे आणि वर नेऊन दाखवायचे. "आमच्या मेहुण्यानं बसवून दिलंय. एकदम पक्कं काम." मी असलो की मान खाली घालायचो, पण ऐकायला आवडायचं. आवडायचं हे आता लिहिताना माझंच मला किळसवाणं वाटतं, पण खोटं कशाला लिहू?

भाऊजींचे गुडघे दुखतात. गच्चीचा जिना अरुंद आणि उभा. मी सिलिंडर वर नेले, पण वर रोज कोण चढणार हा विचार केला नव्हता. शिवाय आमच्याकडे माकडं. काही लोंबकळताना दिसलं की ओढणारच. म्हणून ताई काठी घेऊन वर जायची, माकडं हाकलायची आणि भाऊजींनी खालून हाक मारली की वाल्व्ह उघडायची. काम झालं की ते 'बंद कर' म्हणायचे, ती बंद करायची. सहा-सात महिने हे असंच चाललं होतं. एका रविवारी मी खाली पेपर वाचत असताना "खोल गं!" अशी हाक मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. मला वाटलं, पाण्याच्या टाकीचा नळ असेल. वर जाऊन बघितलं नाही.

हिवाळ्यात एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भाऊजींचा फोन आला. "जरा येऊन जा. ताईला थोडं भाजलंय."

मी पोचलो तेव्हा ताई खाली चौकात खुर्चीवर बसली होती. शेजारच्या चार बायका भोवती. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा दिसत होता. कुणीतरी अख्खी ट्यूब टूथपेस्ट त्यावर चोपडली होती. त्याखाली आणखी कुणीतरी दही लावलं होतं. ते हातावरून ओघळून तिच्या साडीवर पडत होतं. गालाची कातडी लाल, भुवया नाहीत, कपाळावरचे केस आखडून गेलेले. जळलेल्या केसांचा वास, पुदिन्याचा वास आणि आंबट दह्याचा वास, तिन्ही एकत्र. ताई रडत नव्हती. थरथरत होती. भाऊजी हातात पंखा घेऊन उभे होते, पण वारा घालत नव्हते.

इस्पितळात डॉक्टरांनी आधी ती टूथपेस्ट काढली. खरवडून. मी पडद्याबाहेर उभा होतो. ताई तेव्हा ओरडली.

दुपारी मी एकटाच गच्चीवर गेलो. ऑक्सिजनचा सिलिंडर पूर्ण रिकामा होऊन गप्प झाला होता. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईनं मला सांगितलं की आधी 'ठप्' असा आवाज झाला, पांढरा उजेड पडला, मग बराच वेळ नुसती फुस्स. तिनंच कठडा ओलांडून बादलीभर पाणी ताईच्या अंगावर ओतलं होतं. घरगुती गॅस तेव्हा उघडलेला नव्हता. नाहीतर मी हे सगळं वेगळ्या रीतीनं लिहीत असतो.

रेग्युलेटरची एक बाजू वितळून गेली होती. पितळ आतून जळून भोक पडलेलं, कडांना काजळी. मी तो काढला आणि नाकाजवळ नेला. जळक्या मोहरीच्या तेलाचा वास. नटाच्या आट्यांत, जिथे आग पोचली नव्हती तिथे, पिवळा चिकट थर होता. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाशी असतो तसा. मग मी खाली मण्यांच्या खोलीत गेलो. त्या दोन पितळी झडपा टेबलाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या सापडल्या. भिंतीवर माझा कागद होता. त्यावर एक डागही नव्हता, अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

भाऊजी दारात येऊन उभे राहिले.

"झडपा का काढल्यात?"

"ज्योत मंद येत होती रे त्यांनी."

"आणि तेल?"

"थोडंसंच लावलं होतं. नवा सिलिंडर आला म्हणून कसाबसा वर चढलो, तर नट नीट आवळत नव्हता. दाराच्या कडीला लावतो तसं बोटभर."

"समोर लिहिलंय हे. तुम्हाला वाचता येत नाही?"

"मला वाटलं, ते सगळं कारखान्यासाठी असतं."

बोललो असतो तर हात उचलला गेला असता. त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. नखांत काजळी होती आणि बोटांवर, अजूनही, तेलाची चमक.

वॉर्डात भेटायला माणसं येत राहिली. गावातल्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ सगळे. प्रत्येकाला भाऊजी तेच सांगायचे, आवाज बारीक करून: "मेहुण्यानंच बसवून दिलं होतं सगळं. तो यातला एक्सपर्ट. तरी झालं बघा. नशीब, दुसरं काय?" ऐकणारे माझ्याकडे बघायचे. कुणी एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सिलिंडरच फॉल्टी असणार, नाही का?" मी म्हटलं, नाही. त्याला ते आवडलं नाही. भाऊजींची मला शिसारी येत होती आणि त्यांच्या वाक्यात खोटा म्हणावा असा एकही शब्द नव्हता. मीच बसवलं होतं. बागेची नळी आणि एम-सील होतं तोवर ताई त्या खोलीत पाय ठेवायला घाबरायची. मी लाल-निळ्या नळ्या लावल्या, साखळ्या लावल्या, आणि तिला वाटलं आता भीती नाही.

आठव्या की नवव्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी तिला चमच्यानं पेज भरवत होतो.

"हळू खोलायचं असतं का ते?" तिनं विचारलं.

"काय?"

"ते चाक. डॉक्टर म्हणाले, एकदम खोललंत का? मी तर नळासारखं खोलायची. रोज. समोर उभी राहून."

"हो. हळू खोलायचं असतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"भाऊजींना सांगितलं होतं."

"खोलत तर मी होते ना रे."

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं तिनं. मी चमचा वाटीत ठेवला, बाहेर गेलो आणि इस्पितळाच्या जिन्याखाली, जिथे लोकांनी थुंकून थुंकून भिंत लाल केली आहे, तिथे उभा राहिलो. आयुष्यभर मी लोकांना शिकवलं. वाल्व्हला हात लावणारा प्रत्येक माणूस आधी माझ्यासमोर तीनदा उघडून-बंद करून दाखवायचा, मगच मी त्याला पुढे जाऊ द्यायचो. आणि माझ्या बहिणीच्या घरी घराचा पुरुष बघून त्याला सांगितलं आणि मोकळा झालो.

मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागली. जखमा भरल्या. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटत नाहीत, मनगट अर्धंच वळतं. भुवया परत आल्या, एक थोडी विरळ.

सिलिंडर परत करायला मीच गेलो. जळका रेग्युलेटरही बरोबर नेला होता, दुकानदाराला दाखवावा, काय होतं ते त्यानं एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. त्यानं तो हातात घेतला, उलटसुलट केला, भोकात करंगळी घालून पाहिली.

"बाबूजी, इधर का मीटर तो ठीक है," तो म्हणाला. "बॉडी में टांका मार देंगे. चल जाएगा. छोड़ जाइए."

मी सांगितलं, यानं माझ्या बहिणीचा हात गेलाय. त्यानं 'च् च्' केलं, वळून थुंकला आणि रेग्युलेटर पायाशी असलेल्या ढिगात टाकला. मी वाकलो, त्या तेलकट ढिगात हात घालून तो शोधून काढला. दुकानदार "अरे, अरे" करत राहिला. घरी आणून तो पकडीत धरला आणि करवतीनं मधोमध कापला. मीटर हातोडीनं फोडला. त्याचबरोबर तो आटे जुळवणारा तुकडाही, जो इतके महिने माझ्याच खणात पडला होता, दोन भाग करून टाकला. वीसेक मिनिटं लागली. त्यानं काही बरं वाटलं असं नाही, पण निदान त्या दोन वस्तू आता कुणी कशाला बसवू शकणार नाही.

रविवारी मी अजूनही जातो. वरच्या खोलीला कुलूप आहे. ताईला कणीक मळता येत नाही, म्हणून आता भाऊजी मळतात. उभ्या आयुष्यात स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही न गेलेला माणूस परात घेऊन जमिनीवर बसतो, गुडघा लांब करून, आणि ताई शेजारी उभी राहून सांगते, पाणी कमी, अजून कमी. पोळ्या जाड होतात, एका बाजूनं कच्च्या राहतात. ताईची पोळी ते मोडून देतात, भातात वरण कालवून देतात, तिच्या पदरावर सांडलेलं पुसतात. मनापासून करतात, हे मला दिसतं. ताई त्यांच्यावर खेकसते आणि ते ऐकून घेतात.

हे पाहून माझं मन निवळायला हवं, असं माझी बायको म्हणते. निवळत नाही. त्यांनी पोळी माझ्या ताटात टाकली की माझी नजर त्यांच्या नखांकडे जाते, ती स्वच्छ असली तरी जाते. मग ताई म्हणते, "खा की, गार होतेय," आणि मी पोळी मोडतो.